रुमालावरचा खून

आपल्या मंडळाचे आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय रामकृष्णजी, व्यासपीठावरील मान्यवर, जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आमची विद्या, झाशीतल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, आणि मराठी समजणाऱ्या पण बोलायला लाजणाऱ्या तरुण मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर विद्या एकतीस वर्षांपूर्वी झाशीला आली. परवा ती लेकीकडे नाशिकला कायमची जाते आहे. मागे ठेवते आहे पाच रहस्यकादंबऱ्या. पाचही कादंबऱ्यांत गुन्ह्याचा छडा लावतात त्या दर मंगळवारी भरतकामाला जमणाऱ्या बायका. रहस्यकथा म्हटली की इतरांना पिस्तूल लागतं, धुकं लागतं. विद्याला एक सुई पुरते. पहिल्याच कादंबरीत बेतवाकाठच्या एरच गावाच्या घाटावर सापडलेल्या चादरीवरचा साखळी टाका बघून तिची नायिका सांगते, हा हात डावखुऱ्या बाईचा. मी जन्मभर साहित्य शिकवलं. इतक्या लहान पुराव्यावर उभी राहिलेली गोष्ट मला क्वचितच भेटली.

त्या बायका म्हणजे आम्हीच, याच सभागृहाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या. त्यांच्यातली भांडकुदळ मास्तरीण मी नव्हे, असं विद्या म्हणते. मग त्या मास्तरणीचा चष्मा माझ्यासारखाच दोऱ्यानं का बांधलेला आहे, याचं उत्तर मात्र देत नाही.

काल रामकृष्णजींनी माणसं पाठवली. निरोप होता की आभाबाई, दिवस आनंदाचा आहे, गोडच बोला. तर गोड बोलून झालं. आता पाचव्या कादंबरीबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. आमच्यात तेव्हा बकुळ यायची, रामकृष्णजींची सून. ती जन्मानं झाशीची. तिची मराठी आपल्या सगळ्यांच्या मुलांसारखीच, अर्धी हिंदी. त्या दिवशी रुमाल पुढे धरून ती हळूच म्हणाली, "काकू, रुमालावर खून आहे."

आम्ही सगळ्या हसलो. हिंदीत खून म्हणजे रक्त, हे झाशीत कोणाला माहीत नाही? तरी हसलो. मी विचारलं, "कोणाचा गं? सासूचा की नवऱ्याचा?" पुढच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य मिळालं म्हणून विद्यानं ते वहीत टिपून घेतलं. बकुळही हसली आणि तिनं रुमालाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

सुई टोचली की पडतो तो थेंब टाचणीच्या डोक्याएवढा. हा डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. एवढा फरक भरतकाम करणाऱ्या बाईला कळू नये?

विद्याला कळला. पुढच्या मंगळवारी तिनं मला बकुळचे टाके दाखवले. ते उलट्या बाजूला कलत होते. उजवा हात वापरणारी मुलगी डाव्या हातानं भरत होती. विद्या म्हणाली, "आभा, आपण तिच्या घरी जाऊन येऊ या."

आणि याच व्यासपीठावरून स्त्रियांच्या हक्कांवर गरजणारी मी काय म्हणाले? "दुसऱ्याच्या घरात कशाला शिरायचं? तू लिही. साहित्य आपलं काम करतं."

विद्यानं लिहिलं. बकुळ यायची बंद झाली. गेल्या दिवाळीनंतर त्या पुस्तकाचं प्रकाशन इथेच झालं. लेखिकेच्या तीक्ष्ण नजरेवर मी चाळीस मिनिटं बोलले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आपल्याला सगळ्यांना तो दिवस फार छान वाटला, नाही का?

आठवड्यानं नगरा मोहल्ल्यातल्या माझ्या दारात बकुळ उभी होती. हातात पुस्तक. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. ओळीवर बोट ठेवून ठेवून तिनं ते पुरतं वाचलं होतं. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "काकू, पुस्तकात ती रुमालवाली मरते. आप लोगों को पता था?"

मी नुसतं दार पूर्ण उघडलं.

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. काल आलेल्या माणसांनी आणखी एक निरोप दिला होता. समारंभाआधी सुनेला घरी पोचवा, घरातली गोष्ट घरात मिटेल, मंडळाची बदनामी नको. अध्यक्षमहाराज, निरोप मंडळाच्या नावानं आला, म्हणून उत्तर मंडळासमोर देते. बकुळ येणार नाही. तिची इच्छा असेल तोवर माझं घर तिचं आहे. वकिलांशी बोलणं झालं आहे. डॉक्टरांचे कागद आहेत, आणि तो रुमाल तिनं न धुता जपून ठेवला आहे. हे सगळं सांगू का, असं मी सकाळी तिलाच विचारलं. म्हणाली, "बोल दीजिए, काकू. मी शेवटच्या रांगेत बसेन."

ती बसली आहे. कृपा करून माना वळवू नका.

विद्या, तुला जायचं होतं, अडवलं मी. ते पाप तू नाशिकला नेऊ नकोस, ते झाशीतच राहू दे, माझ्याजवळ. सहावी कादंबरी मात्र लिही. तीत पुरावा हाती आला की तुझ्या नायिकेला आधी दार वाजवायला लाव. विचार करायला नंतर वेळ मिळेल.

मंडळानं मला हा माईक दिला आणि मध्येच काढून घेतला नाही, याबद्दल मी खरोखर आभारी आहे. शेवटी चूकभूल माफ करा असं म्हणायची आपली रीत आहे. आज बोललेल्या एकाही शब्दासाठी मी ती पाळणार नाही. त्या मंगळवारी हसले, त्यासाठी पाळते, आणि ती माफी सभागृहाकडे मागत नाही, शेवटच्या रांगेकडे मागते.

बकुळ, तू मराठीतही बरोबर बोलली होतीस. मराठी आमचीच कच्ची निघाली.