देवाला दाखवलेला प्याला

मी खारदांड्याची, बापाची होडी होती, जन्म गेला मासळी विकण्यात. दादला पण दर्याचाच, पण त्याचा धाकटा भाऊ बुडाला नि हा होडी सोडून लॉरीवर गेला, साकीनाक्याच्या कारखान्यातून बर्फ आणायचा. हात चांगला होता, पण पिऊन चालवायचा, काय सांगू तुम्हाला, दारूबंदी सरकारची, हातभट्टी आमची. दोनदा पकडला. दुसऱ्या वेळी कोर्टातला साहेब बोलला, याला मनाच्या डॉक्टरकडं पाठवा, परत सापडला तर लायसन रद्द.

मी बोलले, माझा माणूस वेडा आहे का. पण गेला. डॉक्टर नुसता बोलायला लावायचा, गोळी नाय की सुई नाय. घरात कधी भावाचं नाव काढलं नाय त्यानं, तिथं जाऊन रडला. नि पिणं सुटलं, खरंच सुटलं. डॉक्टरनं मला बोलावून विचारलं, हा प्यायचा कधी? मी सांगितलं, कुठं हो, साखरपुड्याला, हळदीला, बाराव्याला, होडी पाण्यात घालताना, एवढंच. तो बोलला, बाई, मग न पिता कधी असायचा?

मग मी दारोदार सांगून आले, याला देऊ नका. सगळे हो हो बोलले. नि नणंदेच्या पोरीची हळद आली. देवाला दाखवलेला प्याला आमच्यात मामानं घ्यायचा. हा नको नको करतोय, तर नणंद बोलते, अरे हरी, ही काय दारू आहे, देवाचं आहे, मामानं नाकारलं तर पोरीचं वाईट होईल. मी ओरडले तर मलाच गप्प केलं. एक देवाचा, मग एक पूर्वजांचा. दुपारी बर्फ संपला, तर म्हणे हरी, जा रे, घेऊन ये. त्यांनीच पाजला, त्यांनीच पाठवला. साकीनाक्याला लॉरी टपरीत घातली, टपरीवाला वाचला हे नशीब. लायसन गेलं. डॉक्टर वैतागून बोलला, मी एकाला बरा करीन, अख्ख्या दांड्याला कुठं बसवू?

आता तो हातगाडीवर बर्फ ओढतो. कोर्टाची सक्ती नाय तरी डॉक्टरकडं जातो, तिकडून चांगला येतो, नि गल्लीत शिरला की कोणीतरी हाक मारतंच. वीट आलाय मला. आता माझ्या पोराचं लगीन आहे. सांगून टाकलंय, माझ्या मांडवात प्याला नाय, देवाला नारळ देईन. जातवाले बोलले, मग आम्ही येणार नाय. नका येऊ. तुमची पोरंबाळं सुखी राहोत. पोराला हळद मी एकटी लावीन, नि दादल्याचे पण दोन्ही हात हळदीनं भरवीन, म्हंजे प्याला धरायला एक पण हात मोकळा राहायचा नाय.