पाच टिंबं

(स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलावर जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन, पोट उघडं. नवरा स्टुलावर बसलेला. बायको चिंधीने सुटे भाग पुसते आहे.)

नवरा : ...म्हणून सांगतो, या जगात कायमचं बिघडलेलं असं काही नसतंच. उघडायची हिंमत नसलेली माणसं तेवढी असतात.

बायको : बरं. मग ती साखरेची बरणी उघडा. सकाळपासून झाकण फिरत नाहीये.

नवरा : आण इकडे. हं... हिचे आटे उलटे आहेत.

बायको : कालपर्यंत सुलट होते.

नवरा : ठेव बाजूला. मी यंत्राबद्दल बोलत होतो.

बायको : आज जेवायचं कुठे? परत पलंगावर?

नवरा : पलंगावर काय वाईट आहे? राजेलोक पलंगावरच जेवायचे.

बायको : त्यांच्या राण्या डिझेलच्या चिंध्या धूत नव्हत्या. आणि राजांनी दुधाच्या पातेल्यात पिस्टन उकळल्याचं मी तरी ऐकलं नाही.

नवरा : पिस्टन गरम केल्याशिवाय त्यात पिन जात नाही.

बायको : पिन गेली. दूध तेव्हापासून नासतंय.

नवरा : रविवारपर्यंत कळ काढ. रविवारी हे सुरू होणार. मग इंजिन ट्रॅक्टरवर, टेबल तुझं, पातेलं नवं. आणि लेकीला फोन लावून तो इंजिनापाशी धरायचा. म्हणायचं, ऐक, हा घे बापाचा रिपोर्ट. ज्याचं डोकं चालत नाही त्याला इंजिन बांधता येतं का?

बायको : तिने सोमवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची.

नवरा : रविवारनंतर त्या वेळेची गरज उरणार नाही.

बायको : तिचं म्हणणं एवढंच, की एकदा दाखवून घ्या. गॅस तसाच राहिला होता. त्या दिवशी बाजारातून निघालात ते थेट आपल्या जुन्या घरी. तिथल्या बाईंना म्हणालात, तुम्ही इथे कशा?

नवरा : त्यांनी चहा दिला. चांगला होता.

बायको : आणि घरापर्यंत सोडायलाही आल्या.

नवरा : धाकटा भाऊही परवा फोनवर म्हणत होता, दादा, आता भंगारात काढा. इंजिनाबद्दल म्हणाला की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

बायको : त्याचं काय मनावर घेता. ही टोपी कुठे ठेवू?

नवरा : कॅप म्हण. क्रँकला, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याला, धरायला पिस्टनच्या रॉडला गोल गळा असतो, त्याचा हा अर्धा भाग. चार रॉड, चार कॅप. ज्याची त्यालाच बसते. याची त्याला घातली तर क्रँक आवळला जातो आणि सुरू केल्या केल्या सगळं जाम. म्हणून काढायच्या आधीच पंच घेऊन टिंबं ठोकायची, रॉडवरही आणि कॅपवरही. पंख्याकडून मोजायचं. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. एवढं केलं की आंधळाही इंजिन बांधेल.

बायको : हिला पाच आहेत.

नवरा : पाच कशी असतील? रॉडच चार आहेत. काजळी असेल.

बायको : काजळी पुसली मी. बोट फिरवून बघा.

नवरा : दुसरी दे.

बायको : हिलाही पाच.

नवरा : तिसरी.

बायको : चारही तशाच आहेत. मी मघाच बघितल्या.

नवरा : आणि रॉड?

बायको : रॉडही.

नवरा : एक आणि चार, पाच. दोन आणि तीन, पाच. तीन आणि दोन... कुणीतरी दुसऱ्यांदा ठोकलीत. या खेपेला उलट्या टोकाकडून, क्लचच्या बाजूने मोजत. आणि आधीच्या टिंबांना अगदी लागून. आता कुठली कुणाची, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. कोण आलं होतं इथे?

बायको : कोण येणार?

नवरा : धाकटा?

बायको : तो फोनवरच येतो.

नवरा : मग काय दूधवाला पंच घेऊन हिंडतो?

बायको : मी.

नवरा : तू काय?

बायको : मीच ठोकली. तुम्ही झोपला होतात. मळाखाली काही दिसत नव्हतं, मला वाटलं तुमच्या खुणा करायच्या राहिल्यात. म्हटलं, तेवढाच हातभार.

नवरा : कशाने ठोकलीस?

बायको : त्यानेच. त्या बारक्या पंचने.

नवरा : माझ्याकडे एकच आहे. जाडा.

बायको : जाडाच होता. मला बारीक वाटला.

नवरा : ये इकडे, उजेडात. हे टिंब बघ. खड्डा सरळ नाही, एका अंगाला कललाय. माझ्यासारख्या डावखुऱ्याच्या हातून पंच असा पडतो. आता शेवटचं बघ. तेही तसंच. पाचही तशीच. तू उजव्या हाताची आहेस.

बायको : उजव्या हातात दुसरं काही असेल तेव्हा डावा वापरते.

नवरा : इतकी वर्षं संसार केलास आणि खोटं बोलायला शिकली नाहीस.

बायको : घरात शिकवणारं चांगलं नव्हतं.

नवरा : एकदा ठोकल्याचं मला आठवतंय. पक्कं. खिडकीतून ऊन येत होतं, तू बाहेर चादरी वाळत घालत होतीस. पण ते पहिल्या वेळचं की दुसऱ्या वेळचं, सांगता येत नाही. दुसरी वेळ होती, हेच मला आत्ता कळतंय.

बायको : असू दे हो.

नवरा : असू कसं दे? याच्यावरच तर सगळं ठेवलं होतं मी.

बायको : मला माहीत आहे. म्हणून तर खोटं बोलले.

नवरा : हं.

बायको : आता यांचं काय करायचं? टाकून द्यायच्या?

नवरा : टाकायच्या कशाला? प्रत्येक कॅप प्रत्येक रॉडला लावून बघायची. नट आवळायचे, हाताने फिरवायचं. जिथे कुठेच अडत नाही, ती त्याची. वेळखाऊ काम आहे. रविवारी काही होत नाही आता.

बायको : मग सोमवार मोकळाच.

नवरा : आलीस शेवटी सोमवारवर.

बायको : मी कुठे आले? रविवारनंतर तोच येतो.

नवरा : काय विचारतात तिथे?

बायको : लेक म्हणाली, सोपं असतं. आज वार कोणता, कागदावर घड्याळ काढून दाखवा. तीन शब्द सांगतात, मग इकडचं तिकडचं बोलतात आणि थोड्या वेळाने तेच शब्द परत विचारतात.

नवरा : कुठले तीन?

बायको : ते आधी कसे सांगतील?

नवरा : आणि नाही आठवले तर? माझं एक ठीक आहे. नाही आठवलं, हेही मी विसरून जाईन. तुला मात्र सगळं आठवत राहणार.

बायको : मी खुणा करत जाईन तुमच्यासाठी.

नवरा : एकाच बाजूने मोज म्हणजे झालं.

बायको : तुम्ही सांगाल त्या बाजूने.

नवरा : सोमवारी सकाळी की दुपारी?

बायको : सकाळी.

नवरा : येतो. पण डॉक्टरांना टिंबांचं सांगायचं नाही.

बायको : तेच तर सांगायचंय.

नवरा : बरं, सांग. पण तू सांग. मी बाहेर बघत बसेन.

बायको : चालेल.

नवरा : अगं...

बायको : काय?

नवरा : दोन्ही हात तेलाचे आहेत. जरा पाठ खाजव. तिथे नाही, थोडं वर.