डब्यात उरलेला लाडू

सुप्याच्या स्टँडवर नगरची एसटी येईना. विजयाबाईंनी पेपर समोर धरला होता, पण कान मागच्या बाकावरच्या दोघींकडे होते.

"दीपा, नव्वद सालच्या ज्युदोला वजनात बसायचं म्हणून मी दोन दिवस उपाशी होते. वजन झालं आणि पाय लटपटायला लागले."

"म्हनून तर आईनं तुला आधी गूळपानी पाजलं, मनवा. मग माज्या डब्यातला भात."

"आणि फायनलला मी तुलाच पाडलं. काकू चिडल्या असतील."

"न्हाई गं. म्हनली, खेळून ती मनवा परत भुकेजली आसंल, डब्यात काय उरलंय का बघ."

"मग?"

"लाडू हुता. मी आईला काय न्हाई उरलं म्हनले आन् मैदानामागं जाऊन एकटीनं खाल्ला."

"कसला होता?"

"शेंगदान्याचा. गोड लागला न्हाई बघ."