भाकरीले वार्निशचा वास

चमक राहू द्या, देवीलालभाऊ, चमक मी पाह्यली. याच दुकानातून आमचे मालक, भगवानराव, वार्निशचा डबा घेऊन गेलते — बोरी अरबचे. मोठ्या मिशा, आन् सगळं माहीत असल्याचं तोंड. आठवले ना? तेच. दरवाजे रंगवून झाले, वार्निश उरलं. उरल्या डब्याचं माणूस काय करते? झाकण लावते. यायनं सैपाकघर गाठलं — सागवानी ओटा, पोळपाट, आन् माह्या मायनं देल्ली पीठ मळाची काठवट. मी मुकुटबनले माहेरी गेलती. परत आली तं ओट्यात माहं तोंड दिसे! म्हणे, "कोकिळा, पाह्य कशी शोभा आली." शोभाच आली, बाप्पा — भाकर अशी लागे का जसा दरवाजा चावून राह्यली. मी म्हटलं, वास येते. तं म्हणे, "नवंपणाचा हाय, तुले लाकडातलं काय समजते?" — आन् रोज खाल्ली, तोंड वाकडं न करता! पिठात वार्निशचे पापुद्रे निघाले, तेही खाल्ले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण चार माणसात सांगत सुटले का कोकिळेच्या हाताची चव गेली. शेजारची सुखीबाई मले समजवाले आली — वय झालं का जीभ मरते म्हणे, मीठ चाखून टाकत जाय. मीठ! अवो, या हातच्या भाकरीपायी हा माणूस लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठून घरी ये...

भांडली? छ्या. भांडाले समोरच्याले चूक तं समजली पायजे. काठवट काखेत मारली, एसटीत बसली, इथं दिपालीकडे आली — पोरगी माही. तिच्या गच्चीवर काचेच्या तुकड्यानं खरडून राह्यली.

हे काय? जवसाचं तेल? वाचा ना डब्यावर — उकळलेलं, लवकर वाळाचं औषध टाकलेलं. ते खिडकीले लावा, खिडकी जेवत नाई. मले तेलघाणीवरचं कच्चं पायजे, खाण्याचं. पातळ हात द्याचा, पुसाचं, चांगलं वाळू द्याचं, वरून मधमाशीचं मेण. शेंगदाण्याचं कायले? खवट होते ते.

त्याइचं काय? फोन येते ना रोज. काल म्हणे, "सोताच भाकरी थापून राह्यलो त्या ओट्यावर. कोकिळा, यंदा ज्वारीच वासाची निघाली वाटते." ज्वारी! पिकावर आळ घेतीन, डब्यावर नाई. फोन ठेवला आन् अशी हासली मी... हासता हासता डोळेच भरले. घशाखाली उतरत नाई म्हणे भाकर, पाण्यासंग ढकलते. आता त्या वयात — जाऊ द्या, तुमाले कायले सांगून राह्यली मी.

तं तेल मी घाणीवरून घेईन. तुमी घासाचा कागद द्या, खरबरीत. एक नाई, गठ्ठाच काढा.

काठवटीले एवढा कायले? ओटा केवढा लांब हाय, तुमाले काय कराचं? बांधा गुमान!