कौसाक्काची चोळी आणि काचेतली बाहुली

मंडळी, टाळ जरा बाजूला ठेवा. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्या हातून एखादं काम चांगलं झालं, हे ठरतं कधी? लोक वाहवा करतात तेव्हा? की ज्याच्यासाठी केलं, त्याच्या उपयोगी पडतं तेव्हा? काय म्हणता? उपयोगी पडतं तेव्हा? — बघा, माना कशा डोलल्या! पण शाल अंगावर पडली की हे उत्तर आठवत नाही हो. मी माझ्यावरून सांगतो!

बोरखेडी नावाचं गाव. तिथं गजाबा शिंपी. आणि शेजारी कौसाक्का, पन्नाशीची बाई. लकवा आला आणि डाव्या हातातलं बळ गेलं. चोळीची बटणं एका हाताने लागतात का? माउल्यांनो, तुम्हीच सांगा! मग रोज सकाळी जाऊबाई गोठ्यातली धार काढून येईपर्यंत कौसाक्का पदर लपेटून खोलीत बसायची. जाऊ वाईट नव्हती. पण रोज कुणाची तरी वाट बघायची — लाज वाटायची तिला.

गजाबाला हे कळलं. गडी कामाला लागला! डावी बाही खांद्यापर्यंत उघडी ठेवली. चोळीचा उजवा भाग डाव्या बरगडीपर्यंत आणला आणि तिथं लावली मोठी टिचबटणं. अंगठ्याने दाबलं की — टिच्! लागलं! दोनदा कापड वाया गेलं, तिसऱ्यांदा जमलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईच्या आधी कौसाक्का अंगणात हजर! अहो, रडली ती. आनंदाने रडली.

आता गोष्ट शहरात जाते. तिथं एक मोठं संग्रहालय. त्यात नव्या काळातल्या वस्तूंचं आणि कपड्यांचं कायमचं दालन उघडायचं होतं. काय काय होतं म्हणता? दिवे, घड्याळं, शिलाई मशीन, फॅशनचे झगे! एक खुर्ची होती — तिच्यावर बसायचं नाही! अशी खुर्ची आमच्या घरीही आहे, ती पाहुण्यांसाठी असते.

ते दालन मांडणाऱ्या रेवतीबाई चोळीबद्दल ऐकून गावात आल्या, चोळी पाहिली आणि म्हणाल्या, "गजाबा, हे फार मोठं काम आहे. आम्हाला हीच चोळी द्या, वापरलेली. खाली तुमचं नाव लिहू."

गजाबा कौसाक्काला म्हणाला, "अक्का, दे की. आठ दिसात तुला दुसरी शिवतो."

"ने बाबा. तुजं नाव हुतंय तर मला काय कमी हाय?" दिली बाईनं!

आठ दिवस झाले. महिना झाला. दोन झाले. चोळी कुठाय? अहो, गजाबाला वेळ कुठाय! आज सत्कार, उद्या पेपरवाले. नवं जाकीट शिवलं — स्वतःला! आणि कौसाक्का पुन्हा खोलीत, जाऊबाईची वाट बघत. मागायला गेली का? नाही. मागणारी असती, तर लाजली कशाला असती?

दालन उघडायचा दिवस आला. गाव गाडी करून गेलं. संग्रहालयाने मानाने कौसाक्काची ओटी भरली — नारळ आणि ब्लाउजपीस! कुणाला? तर जिची चोळी काचेत नेली तिला!

कौसाक्का काचेपाशी गेली. आत गोरी गोमटी बाहुली, तिच्या अंगात ती चोळी. कौसाक्काने पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाली,

"गजाबा, हिचं दोन्ही हात धड हायत की रं!"

मंडळी, गजाबाचं ते नवं जाकीट अंगाला टोचायला लागलं.

तिकडे माईकवर पुकारा — "गजाबा माळवदे, मंचावर या!" गजाबा कुठाय? तो त्या प्रदर्शनातल्या शिलाई मशीनवर बसलेला! हात लावू नका अशी पाटी, आणि ह्याचा पाय मशीनच्या पायडलवर! ओटीतलं ब्लाउजपीस कापलेलं, जाकिटाच्या खिशातली टिचबटणं पुढ्यात. पहारेकरी धावला — "अहो काका, उठा!"

गजाबा म्हणाला, "मारा, पण शिवू द्या. दोन महिनं उशीर झालाय."

रेवतीबाईंनी पहारेकऱ्याला थांबवलं. त्यांनी बाहुलीकडे पाहिलं, कौसाक्काकडे पाहिलं. म्हणाल्या, "चोळी नेण्याआधी हे मला सुचायला हवं होतं." आणि स्वतः दिवा धरून उभ्या राहिल्या! प्रमुख पाहुणे ताटकळले. ताटकळू देत!

चोळी झाली. कौसाक्का आतल्या खोलीत निघाली. जाऊ सवयीने उठली.

"बस गं तू!" कौसाक्का म्हणाली.

दार लागलं. सगळं दालन कान देऊन उभं. आतून — टिच्! टिच्! टिच्! दार उघडलं आणि कौसाक्का आली, खांदे ताठ करून. गजाबा मंचावर गेलाच नाही. त्याचा सत्कार तिथंच झाला होता.

गोष्ट संपली. आता तुमच्याकडे वळतो! हा नवा सभामंडप देखणा आहे. पायऱ्या संगमरवरी, प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव. मी चढताना सगळी वाचली. पण धरायला कठडा एकीलाही नाही. खाली कोण बसलंय, वळून बघा. तुमच्याच आया आहेत. दोन तास झाले, कर्ण्यावरून कीर्तन ऐकताहेत, कारण पाय वर चढत नाहीत. कठडा उद्या होईल. आत्ता तुमचे हात आहेत ना? मग उठा! त्या सगळ्या वर येईपर्यंत मी उभा आहे. आरती त्यानंतर.