पाचव्याचं नाव

जपानमधल्या ओदाते शहरात, जनावरांच्या दवाखान्यात चिहाया मांडीवर ससा घेऊन नंबरची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर कुदोआजोबा आणि त्यांची नात. नातीच्या स्वेटरमधून एक एवढंसं केसाळ नाक डोकावत होतं.

“चौघं नव्या घरी गेली, आजोबा. हाच उरला.”

“अकिता कुत्र्याचे केस आखूड हवेत गं. हा असा झिपऱ्या! प्रदर्शनात उभासुद्धा करत नाहीत.”

“भावंडंही ढकलायचीच की त्याला. मग बर्फ पडलं, आणि चौघंही ह्याच्याच केसांत घुसून झोपायला लागली!”

“तेव्हा बरा गोड वाटला त्यांना!”

“आता एकटाच झोपतो. चौघांपुरती जागा सोडून.”

“द्यायचाच आहे तो कुणालातरी. म्हणून तर नावही ठेवलं नाही.”

“मीपण उद्या सेंदाईला शिकायला जाणार. मग तुम्ही एकटेच जेवणार.”

“मला सवय आहे.”

“त्याला नाहीये.”

तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीतून तिथल्या बाईंची हाक आली. इथे जनावरांनाही घरच्या आडनावानेच बोलावतात.

“कुदो... अहो आजोबा, पिल्लाचं पुढचं नाव लिहिलंच नाहीत! काय लिहू?”

आजोबांनी त्या नाकावर हळूच बोट टेकवलं.

“झिपऱ्या,” ते म्हणाले. “लिहा, कुदो झिपऱ्या.”