अकरावी पत्ती

देवराव: रुमाल काढा. गालावरचा रुमाल काढा म्हणतो मी, अन असे दारात उजेडात या. माह्यापासून काय लपवून राहिले?

प्रेमानंद: लपवत नाही जी. बसमध्ये धूळ लय होती.

देवराव: बापरे. प्रेमानंदभाऊ, ही दाढी केली का संत्रं सोललं?

प्रेमानंद: हसा तुम्ही. एकोणचाळीस वर्षं तुमच्या खुर्चीत डोळे मिटून बसलो, त्याची शिक्षा भोगून राहिलो. तुमचं दुकान बंद झालं तेव्हापासून तिथंच, नागपुरात सदरमध्ये, दोन ठिकाणी बसून पाहिलं. दोन्हीकडे दुसऱ्या दिवशी मानेवर पुरळ. मग दाढी वाढवली, तर पोरगी म्हणे, बाबा, लग्नाच्या फोटोत तुम्ही दवाखान्यातून उठून आल्यासारखे दिसाल.

देवराव: अपेक्षाचं लग्न रविवारीच ना?

प्रेमानंद: रविवारी अकराले. आज बुधवार. म्हणून तर वाडीपर्यंत आलो, देवरावभाऊ. एकच दाढी करून द्या. रविवारी सकाळी गाडी पाठवतो तुम्हाले घ्याले.

देवराव: सिंधू, तो चहाचा कप मले दे वं. हं, आता पाहा. मी काहीच करत नाही, चहा आपोआप बशीत येते. या हातानं वस्तरा ठेवू तुमच्या गळ्यावर? पोलीस मले मांडवातूनच उचलून नेईन.

सिंधूताई: काहीच्या काही बोलू नका जी. भाऊ, तुम्ही बसा आरामात. डॉक्टर म्हणे, थरथर आता जाणार नाही, वाढू द्याची नाही तेवढं पाहा. नाही तर चालतं दुकान कोणी विकते का?

प्रेमानंद: माहीत होतं, वहिनी. माहीत असून विचारलं, माफ करा. मग असं करा देवरावभाऊ, मले शिकवा.

देवराव: काय शिकवू?

प्रेमानंद: दाढी कराले. स्वतःची.

देवराव: पासष्टी आली तुमची, अन...

प्रेमानंद: काल केली ती आयुष्यातली पहिली.

सिंधूताई: खरंच? पोस्टात होते, गावोगाव बदल्या झाल्या, तेव्हाही नाही?

प्रेमानंद: गोंदियाले न्हावी पाहिला, चंद्रपूरलेही पाहिला. कुठंच जमलं नाही. महिन्यातून दोन रविवार रेल्वेनं नागपूरले यायचो, खास ह्यांच्याकडं. ऑफिसात लोक म्हणत, याची नागपुरात दुसरी बायको आहे.

सिंधूताई: अन ती बायको म्हणजे हे.

प्रेमानंद: काय करता, बाबांचा हुकूम होता. म्हणत, रेझरले तू हात लावायचा नाही. खुर्चीत बसायचं, मान मागं टाकायची आणि समोरच्यानं दाढी करायची. डोक्यावर पंखा पाहिजे, असंही म्हणत.

देवराव: पिशवी उघडा तुमची. पत्त्या कोणत्या आणल्या ते दाखवा.

सिंधूताई: माणूस बापाचं सांगून राहिला, अन तुम्हाले पत्त्या सुचून राहिल्या?

देवराव: तू पाणी ठेव वं गरम. हं, दाखवा.

प्रेमानंद: मोठ्या दुकानात गेलो. सांगितलं, दाढी तारेसारखी आहे आणि कातडी लहान लेकराची. त्यानं ही काळ्या पाकिटातली दिली. सगळ्यात धारदार, सगळ्यात महाग.

देवराव: अन तुम्ही दाबून फिरवली.

प्रेमानंद: दाबल्याशिवाय निघन का?

देवराव: तिथंच सगळे फसतात. अन ही पिवळी कशाची?

प्रेमानंद: काळीनं कापलं म्हणून संध्याकाळी पिवळी आणली. नाजूक कातडीची आहे म्हणे. पण ती केस नुसते ओढत होती. एकेका जागी पाच पाच वेळा फिरवली. मग चिडून खालून वर उलटी मारली.

सिंधूताई: अगाई गं. एका दिवशी दोनदा?

देवराव: ऐका आता. मऊ पत्ती तुमच्या दाढीले कापत नाही, ओढते. मग माणूस पुन्हा पुन्हा फिरवते, अन दाढीच्या आधी कातडी निघते. लोकांले वाटते नाजूक कातडीले मऊ पत्ती पाहिजे. उलट आहे. कडक दाढीले एका फिरवण्यात साफ करणारी धार पाहिजे. पण नुसती धार असली अन पत्ती गुळगुळीत चालली नाही, तर ती टोचते. धार अन गुळगुळीतपणा, दोन्ही एकाच पत्तीत पाहा लागते. सोयरीक जमवल्यासारखं आहे. दुकानदाराच्या पसंतीचं काय करता, नांदायचं तर तुमच्या गालाले आहे.

प्रेमानंद: मग जमवायची कशी?

देवराव: एक पत्ती घ्या, तीन दाढ्या करा. साबण तोच, पाणी तेच, हात तोच. बदलायची फक्त पत्ती. सगळंच एकदम बदललं तर बिघडलं कशानं ते समजत नाही.

प्रेमानंद: माह्यासाठी तुम्ही कोणती वापरत होते?

सिंधूताई: मी सांगते. अकरावी.

प्रेमानंद: म्हणजे?

सिंधूताई: तुम्ही पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा ह्यांच्या हातून गालाले रक्त आलं होतं. आठवते?

प्रेमानंद: थेंबभर. कानाखाली.

सिंधूताई: त्या थेंबापायी हे दिवसभर जेवले नाही. मग दर हप्त्याले तुमच्यासाठी नवीन पत्ती. घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत. हिरवी, मान लाल. निळी, ओढते. माहे दुधाचे खाडे लिहाले जागा राहत नव्हती. अकरावी जमली त्या दिवशी घरी जिलेबी आणली. म्हटलं, काय झालं जी? म्हणे, पोस्टातल्या माणसाची मान आज लाल नाही झाली.

प्रेमानंद: मले वाटे, सगळ्यांले तीच लावता तुम्ही.

देवराव: सगळ्यांले साधी. तुमची वेगळ्या डब्यात राहे.

सिंधूताई: दुकान विकलं, खुर्च्या गेल्या, आरसे गेले. तो डबा ह्यांनी माह्या लुगड्यांखाली आणून ठेवला. म्हणे, तो माणूस येईन.

प्रेमानंद: देवरावभाऊ, एका गिऱ्हाइकासाठी एवढं काहून जी?

देवराव: रेझर दाखवा पहिले. हा कुठला? पितळी दिसते. लय जुना आहे.

प्रेमानंद: बाबांचा. छप्पन साली दीक्षा घ्याले गावावरून नागपूरले पायी आले होते, बावीस वर्षांचे. दीक्षा घेतली आणि परत जाताना बर्डीच्या बाजारात हा रेझर घेतला. म्हणत, आता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही.

सिंधूताई: कोणाच्या दारात, भाऊ?

प्रेमानंद: गावच्या न्हाव्याच्या, वहिनी. त्याच्या दोन वर्षं आधी बाबांचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी सकाळपासून ते त्याच्या दारात उभे होते. त्यानं दाढी नाही केली. आमच्या लोकांची करतच नव्हता. मग कोणीतरी फेकलेली पत्ती बोटांत धरून बाबांनी स्वतःच केली. हळद लागली तेव्हा दोन्ही गालांवर रक्त होतं. आई शेवटपर्यंत सांगे. म्हणून काल आरशात पाहिलं आणि बसवलं नाही मले. माह्या पोरीच्या लग्नात तिच्या बापाच्या गालावर रक्त नको.

देवराव: प्रेमानंदभाऊ, मी तुम्हाले पहिल्याच दिवशी खोटं सांगतलं होतं. तुम्ही विचारलं, गाव कोणतं. मी म्हटलं, वर्धेकडचं.

प्रेमानंद: हो.

देवराव: काटोलकडचं आहे. तुमचंच. ते दार आमचं. तो न्हावी माहा बाप.

सिंधूताई: गाव माहीत होतं मले. दाराचं कधी नाही सांगतलं तुम्ही.

देवराव: कोणत्या तोंडानं सांगू? ह्यांनी खुर्चीत बसल्याबरोबर गाव सांगतलं, आडनाव सांगतलं, अन गावभर ठाऊक असलेली ती लग्नाची गोष्ट आठवून माहा हात हालला. म्हणून रक्त आलं. वाटलं, बापाच्याही गालाले आमच्याच घरानं रक्त काढलं, अन लेकाच्याही. म्हणून शोधली पत्ती. पुण्य कमावाले नाही शोधली. तुमच्यापुढं माही मान वर होत नव्हती.

प्रेमानंद: मले माहीत होतं.

देवराव: काय माहीत होतं?

प्रेमानंद: तुम्ही कोणाचे ते. दुकानात पाय टाकायच्या आधीपासून. बाबांनीच पाठवलं होतं मले.

देवराव: बाबांनी?

प्रेमानंद: म्हणे, त्याच्या पोरानं सदरमध्ये दुकान टाकलं. जा. गाव सांग, आडनाव मोठ्यानं सांग आणि खुर्चीत बस. त्यानं दाढी केली तर दर हप्त्याले जात जा. नाही केली तर मले येऊन सांग, मग मी येतो.

सिंधूताई: मग घरी जाऊन काय सांगतलं तुम्ही?

प्रेमानंद: म्हटलं, केली. थोडं कापलं, तर माह्यापेक्षा तोच जास्त घाबरला. कापूस सापडेना, तर स्वतःच्या सदऱ्याच्या टोकानं रक्त पुसलं. बाबा माह्या गालावरून बराच वेळ हात फिरवत बसले. मग म्हणे, पोट्टा बरा आहे. जात जा.

देवराव: पोट्टा बरा आहे, म्हणाले?

प्रेमानंद: तेवढंच म्हणाले. पण बाबांच्या तोंडून तेवढंही मोठं होतं.

सिंधूताई: डोळे पुसा जी. हा घ्या पदर.

देवराव: एकोणचाळीस वर्षं मी लपवलं, अन तुम्ही एकोणचाळीस वर्षं समजून बसले. एकदा तरी सांगा लागत होतं ना गा.

प्रेमानंद: पहिले वाटे, तुम्हीच सांगाल. मग वाटलं, राहू द्या. मी काही बोललो आणि पुन्हा तुमचा हात हालला तर? वस्तरा माह्याच गळ्यावर होता.

सिंधूताई: हेही खरंच आहे म्हणा.

प्रेमानंद: एक सांगतो, देवरावभाऊ. दाढी करून घेणं हा माहा हक्क होता. बाबांनी तसंच शिकवलं, आणि त्याचे आभार मी कोणाचे मानणार नाही. पण अकरा पत्त्या पाहणं, कॅलेंडरवर माही मान लिहून ठेवणं, हे काही हक्कात बसत नाही. ते तुम्ही स्वतःहून दिलं. मले आज समजलं. त्याचे आभार मानतो, मनापासून.

देवराव: अन तुम्ही येत राहिले ते? बाप गेला तेव्हा त्याचं ते दार मले देऊन गेला. तुम्ही दर खेपेले येऊन बसत, तेवढा वेळ ते दार उघडं आहे असं वाटे मले. ते मी कसं फेडू?

प्रेमानंद: शिकवून फेडा. पाणी तापलं असन.

देवराव: आज तुमच्या गालाले हात नाही लावायचा. शनिवारपर्यंत नुसतं खोबरेल तेल. शनिवारी इथं या, मी आरसा धरतो.

सिंधूताई: तुम्ही आरसा धराल तर भाऊले चार गाल दिसतीन. आरसा मी धरीन.

प्रेमानंद: मग आज शिकू कशावर?

देवराव: आमच्यात पोट्टा पहिले मडक्यावर शिकते. मडक्याले साबण फासायचा, वस्तरा फिरवायचा, ओरखडा नाही उठला पाहिजे. मडक्यानंतर पहिला गाल घरच्या माणसाचा. मी बापाच्या गालावर शिकलो.

सिंधूताई: मागं जुनं मडकं आहे, आणू?

देवराव: मडकं राहू दे. टॉवेल आण. आठ दिवसांची दाढी आहे माही. या हातानं होत नाही, अन दुसऱ्याच्या खुर्चीत बसाचं मन होत नाही.

प्रेमानंद: तुमच्या गालावर? माहा गाल पाहिला ना तुम्ही?

देवराव: पाहिला. म्हणून सांगतो, दाबू नका. रेझरच्या वजनानंच चालू द्या. टॉवेल गरम पाण्यात पिळा, तोंडावर ठेवा, तेवढ्या वेळात साबणाचा फेस करा. केस ज्या बाजूले झोपतात त्याच बाजूले जायचं. एक जागा दोनदा झाली की बस. राहिली तर राहिली. उलटी तर जन्मात मारायची नाही.

(सिंधूताई गरम पाण्याचं पातेलं आणून ठेवते. देवराव खुर्चीत बसतो आणि मान मागे टाकतो.)

देवराव: चला, लावा हात.

प्रेमानंद: थांबा. यात कालची पिवळी पत्ती तशीच आहे.

देवराव: राहू द्या.

प्रेमानंद: राहू द्या कशी? माह्या गालावर फिरली आहे ती.

देवराव: म्हणूनच म्हणतो, राहू द्या. माह्या बापाले नव्हतं चालत. मले चालते.

प्रेमानंद: पण मले नाही चालत. वहिनी, तो डबा आणा लुगड्यांखालचा. गिऱ्हाईक बसलं की त्याच्या डोळ्यांपुढं नवी पत्ती उघडायची, एकोणचाळीस वर्षं मी हेच पाहिलं. आज तुम्ही गिऱ्हाईक आहात.

सिंधूताई: हा घ्या डबा. अजून काही पाहिजे का, भाऊ?

प्रेमानंद: हो, वहिनी. जरा पंखा लावा.